स्पेक्ट्रम-सहवापराच्या प्रयोगासाठी जागा कशी पारखावी: भुसावळ की पाल?

प्रश्न – सातपुडा_पायथा (यावल)

नमस्कार. एकाच वारंवारता-पट्ट्यात दोन वेगळ्या बिनतारी यंत्रणा एकमेकींना अडथळा न आणता कशा चालतील, याचा अभ्यास आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू करायचा आहे. दोन जागा विचारात आहेत: भुसावळला रेल्वेमार्गालगतच्या इमारतीची गच्ची आणि सातपुड्यातल्या पाल गावाच्या वाटेवरचे, मोबाइलची रेंजही धड न मिळणारे एक शेत. सहकाऱ्यांचा कल शांत जागेकडे आहे. निवडीपूर्वी कोणती मोजमापे घ्यावीत आणि किती काळ घ्यावीत?

उत्तर – तापीकाठ (जळगाव)

सर, निव्वळ शांतता हा खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीसाठीचा निकष आहे. सहवापराच्या अभ्यासाला, ज्याच्यासोबत पट्टा वाटून घ्यायचा असा मूळ वापरकर्ता तिथे असावाच लागतो. अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला करताना खरा पेच नौदलाच्या रडारचाच होता. रडार सुरू झाल्याचे ओळखून इतरांनी वेळेत बाजूला कसे व्हायचे, हे ठरवावे लागले. पालच्या शेतात हा प्रश्न उभाच राहणार नाही.

मात्र भुसावळची गच्चीही डोळे झाकून घेऊ नये. जवळच्या टॉवरचा जोरकस सिग्नल रिसीव्हरला दाबून टाकतो आणि मग पट्ट्याचे जे चित्र दिसते, ते खोटे असते. शिवाय अँटेना काढून तिथे ५० ओहमचा लोड (अँटेनाच्या जागी बसवायचा रोध) जोडावा, यंत्राचा स्वतःचा नॉइज (नको असलेला विद्युत गोंगाट) आधी नोंदवावा आणि नंतर अँटेना लावून वाढलेला भाग जागेच्या खाती धरावा. सामान्य तापमानाला १ मेगाहर्ट्झ रुंदीत औष्णिक, म्हणजे उष्णतेमुळे येणारा, नॉइज सुमारे उणे ११४ डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) असतो, त्यामुळे आपले वाचन त्याहून किती वर आहे, हे लगेच कळते. रेल्वेच्या २५ किलोव्होल्टच्या ओव्हरहेड तारेवर पेंटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) ठिणग्या टाकतो तेव्हा क्षणिक नॉइज उसळतो, विशेषतः खालच्या वारंवारतांवर. तो सरासरीत बुडून जातो, म्हणून सरासरीबरोबर शिखरमूल्येही साठवावीत. सलग आठवडाभर, रात्रंदिवस नोंद घ्यावी. रेल्वे आणि मोबाइल यांची वर्दळ तासागणिक बदलते.

उत्तर – केळी_आणि_अँटेना (रावेर)

वरील मताशी सहमत आहे. पण आठवडाभराच्या नोंदीवर निर्णय घेऊ नये, असे आग्रहाने सांगतो. आपल्याकडे केळीची बाग डोक्याच्या वर गेली की तिची पाणीदार पाने लहरी शोषून घेतात. त्यामुळे ८६५ मेगाहर्ट्झवर लावणीनंतर घेतलेले आणि बाग निसवल्यावर घेतलेले वाचन सारखे येणार नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत गार हवा साचते, तेव्हा दूरचे सिग्नलही अनपेक्षितपणे पोहोचू शकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या वेळी गच्चीवरच्या पेटीत ॲम्प्लिफायरचा नॉइज वाढतो. म्हणून पेटीतले तापमानही प्रत्येक वाचनासोबत नोंदवावे, अन्यथा यंत्राचा दोष जागेच्या माथी बसेल.

माझे मत असे की गच्ची ही प्रयोगाची जागा ठेवावी आणि शेत हे तुलनेचे ठिकाण, दोन्हीकडे एकाच बनावटीची यंत्रे लावून.

उत्तर – बिनतारी_धुळे

प्रक्षेपणाचा विचार आताच करावा. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत परवानामुक्त आहे, तेव्हा सुरुवात तिथून करता येईल. इतर पट्ट्यांत प्रयोग करायचा तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून प्रायोगिक परवाना घ्यावा लागतो. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत, म्हणजे हा भाग संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील आहे. त्यामुळे अर्जात अँटेनाची उंची, दिशा आणि शक्ती नेमकी लिहावी.