उत्तर: भय आणि हर्ष एकत्र कसे?

वर विचारलंय की बायबलच्या स्तोत्र २:११ मध्ये भय धरून देवाची सेवा करा आणि कापत हर्ष करा, असं एका दमात कसं सांगितलंय; स्तोत्र १०० मध्ये तर नुसता हर्षच. मला हे ठाण्यात, कोपरीतल्या आमच्या घरी कळलं. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) मेजावरची पांढरी चादर आई धुवायला घरी आणायची. वेगळी बादली, आम्हाला हात लावायची बंदी. द्राक्षरसाचा डाग निघेपर्यंत लिंबू चोळत बसायची. इस्त्री करताना मात्र मोठ्याने गायची, तेही बेसूर! शेजारच्या काकू भिंत ठोकायच्या. तिचं भय माराचं नव्हतं, जपण्याचं होतं.

'खरी सेवा देवळातच' हे वरचं मत काही पटलं नाही. हिब्रूत सेवेसाठी जो धातू आहे, तोच बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १ल्या अध्यायात मिसरातल्या विटांच्या राबणुकीलाही आलाय. आणि कलस्सैकरांस या पत्रातलं (३:२३) 'मनापासून करा' हे प्रेषित पौलाने दासांना लिहिलंय, पाळकांना म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना नव्हे.

मी स्टेशनजवळच्या एका दुकानात हिशेब लिहितो. आकडा चुकू नये ही धास्ती रोज असते. मार्चअखेरीस हर्ष काही सापडत नाही, हे कबूल.