कलशात राख नसायची

वर एकांनी लिहिलंय की मेक्सिकोतल्या प्राचीन झापोतेक लोकांच्या थडग्यांतले मातीचे कलश अस्थी ठेवायला होते. तसं नाही, ते बहुतेक रिकामेच सापडतात. अस्थींचा मान वेगळाच होता! तिथल्या वाहाकाच्या खोऱ्यातलं लांबित्येकोचं ६ क्रमांकाचं थडगं बघा. दारावर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेले नवरा-बायकोचे चेहरे आहेत: त्याला सुरकुत्या आणि बोकडदाढी, तिच्या केसांत गुंफलेली फीत. फोटोतही त्या सुरकुत्यांवरून माझी नजर हलत नाही. वरच्या शिल्पपट्टीत पूर्वज पुरुषांच्या हातात चक्क मांडीचं हाड आहे. हे थडगं पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उघडलं जाई, आणि आतल्या सांगाड्यांत मांडीची काही हाडं कमी भरली. वारसांनी ती आपल्या हक्काची खूण म्हणून बाहेर काढली असावीत, असं अभ्यासक मानतात.