सीमेपर्यंत जाणारा छोटा महामार्ग आणि आपली काळी माती

प्रश्न : कास्तकार, वणी तालुका
माझा पुतण्या कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात धान्याचा ट्रक चालवतो. त्याच्या वाटेवरचा एक छोटा महामार्ग शेतांमधून उत्तरेकडे जातो आणि मग पश्चिमेला वळून अल्बर्टा प्रांताच्या सीमेला भिडतो. त्याने पाठवलेल्या चित्रफितीत त्या रस्त्याची अवस्था थेट आमच्या गावच्या रस्त्यासारखी दिसली : चाकोऱ्या खचलेल्या, कडा तुटलेल्या, एका टप्प्यात तर डांबर काढून नुसती खडी पसरलेली. आमच्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून रस्ता फुटतो हे समजते; परंतु पाऊस कमी असलेल्या त्या मुलखात असे का व्हावे? शिवाय उत्तरेकडे सरळ जाणारा रस्ता मध्येच बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. पुतण्या म्हणतो, कोणाचा तरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, आडवा आला असेल.

उत्तर : निवृत्त अभियंता, यवतमाळ
तेथील अनेक ग्रामीण महामार्ग मातीच्या भरावावर खडीचा पुरेसा थर न घालता, केवळ डांबराचे पातळ आवरण देऊन केलेले आहेत. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते तेव्हा तोच रस्ता दगडासारखा होतो आणि त्यावर जास्त वजन नेण्याची मुभाही दिली जाते; मात्र वसंतात वरची माती आधी वितळते, खालची गोठलेलीच राहते आणि मध्ये अडकलेल्या पाण्याला निघायला वाट मिळत नाही. म्हणून त्या काही आठवड्यांत वजनावर निर्बंध घालतात. रेजायना शहराच्या परिसरात तर आपल्यासारखीच फुगणारी चिकणमाती आहे. थोडक्यात, आपला जुलै त्यांच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये येतो.

उत्तर : माजी भूकरमापक, वर्धा
धुरा नव्हे, पृथ्वीची गोलाई आडवी आली. १८७१ मध्ये सुरू झालेल्या मोजणीत प्रेअरीची, म्हणजे तेथील विस्तीर्ण गवताळ मैदानाची, जमीन सहा मैल बाजूच्या चौकोनांत आखली गेली. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे दर २४ मैलांवर दुरुस्तीची रेषा धरून आखणी नव्याने सुरू केली जाई; तेथे उभा रस्ता सरकतो. अल्बर्टाची सीमाही अशीच आखीव, ११० अंश पश्चिम रेखावृत्तावरची आहे. आपल्या पांदणीला असा हिशेब कोणी लावला नाही, ती बैलांच्या सोयीने वळली.

उत्तर : जिनिंगवाला, हिंगणघाट
मातीइतकाच दोष ओझ्याचाही धरावा. १९९५ मध्ये तेथील धान्याच्या रेल्वेभाड्याचे जुने अनुदान संपले, कित्येक फाट्यांवरचे रूळ उखडले गेले आणि गावोगावची लाकडी कोठारे बंद होऊन धान्य दूरच्या मोठ्या केंद्रांकडे ट्रकने जाऊ लागले. हलक्या वाहतुकीसाठी केलेल्या रस्त्यांवर तो भार पडला.

प्रश्नकर्ता
पुतण्याने दुजोरा दिला. मार्चअखेरीस त्याच रस्त्यावरून तो ट्रक पूर्ण भरून नेत नाही. अभियंता साहेब, पाणी अडकण्याचे वाचून एक कबूल करतो : ट्रॅक्टर शेतात उतरावा म्हणून रस्त्याकडेची नाली मीच दोन ठिकाणी मातीने बुजवली आहे, आणि डांबर नेमके तेथेच खचले आहे. आता काय करावे?

निवृत्त अभियंता, यवतमाळ
पेरणीपूर्वी माती काढा आणि सिमेंटचा पाइप नालीच्या तळाशी, उताराला धरून बसवा. वर बसवलात तर पाणी पाइपाखालीच थांबेल.