चर्चा: एका टर्मिनलात केलेलं एक्सपोर्ट बाकीच्या टर्मिनलांना का कळू नये?

चार_खिडक्या
काम करताना माझी चार टर्मिनलं उघडी असतात: सर्व्हर, लॉग, टेस्ट आणि एक किरकोळ कामांना. डेटाबेसचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम वाचतात अशा नावाच्या सेटिंगमध्ये) असतो; तो बदलला की एकात एक्सपोर्ट मारायचं (त्या टर्मिनलातून सुरू होणाऱ्या प्रोग्रामना नवी व्हॅल्यू देणारी कमांड) आणि मग तीच ओळ उरलेल्या तिन्हींत चिकटवत बसायचं. फिश या शेलमध्ये (शेल म्हणजे टर्मिनलात टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ‘सेट -यूएक्स’ लिहिलं की त्या युजरच्या सगळ्या उघड्या फिश सेशनना नवी व्हॅल्यू मिळते, मशीन रीस्टार्ट केलं तरी ती टिकते. बॅश आणि झेडशेल या दुसऱ्या शेलांमध्ये ही सोय नाही, हा माझ्या मते निव्वळ हट्ट आहे.

जुनी_खोड
हट्ट कसला? एन्व्हायर्नमेंट, म्हणजे अशा व्हेरिएबलांचा संच, प्रत्येक प्रोसेसचं (चालू प्रोग्रामचं) स्वतःचं असतं. फोर्क झाला (एका प्रोसेसने दुसरी जन्माला घातली) की पोराला प्रत मिळते, एक्झेकच्या वेळी (त्या पोरात नवा प्रोग्राम चढवताना) ती नव्या प्रोग्रामच्या हातात पडते, आणि मग संबंध संपला. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हे असंच चालत आलंय. फिशसुद्धा हा नियम मोडत नाही. तो व्हेरिएबल होममधल्या (युजरच्या स्वतःच्या फोल्डरातल्या) एका फाइलीत लिहून ठेवतो आणि बाकीचे फिश ती फाइल वाचतात, एवढंच. तुमचा चालू असलेला सर्व्हर मात्र जुन्याच डेटाबेसला चिकटून बसणार. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय, साहेब.

चार_खिडक्या
सर्व्हर रीस्टार्ट करावा लागणार हे मला कळतं हो! पण फिशमध्ये रीस्टार्ट केला की तो नवा पत्ता घेतो, बॅशमध्ये पुन्हा जुनाच घेऊन उठतो. मग अर्धा तास ‘डेटा कुठे गेला’ म्हणून शोधाशोध.

रात्रपाळी
शेअर केलेल्या सेटिंगची मजा बघायची असेल तर कुबेरनेटिसवाल्यांकडे जा (क्लस्टरवर, म्हणजे सर्व्हरांच्या समूहावर, प्रोग्राम चालवणारी प्रणाली). ‘कुबकंट्रोल कॉन्फिग यूज-कॉन्टेक्स्ट’ ही कमांड कोणतं क्लस्टर निवडलंय ते होममधल्या कॉन्फिग फाइलीत लिहिते, म्हणजे ते सगळ्या टर्मिनलांना लागू. समजा डावीकडच्या खिडकीत तुम्ही स्टेजिंगवर (चाचणीच्या क्लस्टरवर) आहात आणि उजवीकडे प्रोडक्शनचे (खऱ्या वापरातल्या क्लस्टरचे) लॉग बघायला कॉन्टेक्स्ट, म्हणजे निवडलेलं क्लस्टर, बदललात. डावीकडचा प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या जागेआधीची ओळ) अजूनही ‘स्टेजिंग’च दाखवतोय, कारण तो शेवटच्या एंटरला छापलेला आहे. तिथे डिलीटची कमांड दाबली की गेलं प्रोडक्शन. म्हणून आमच्याकडे प्रत्येक टर्मिनलात वेगळी फाइल दाखवणारं कुबकॉन्फिग व्हेरिएबल ठेवतात. ते दुसऱ्या खिडकीत पसरत नाही, हाच त्याचा उपयोग.

चार_खिडक्या
मी ‘सगळंच शेअर करा’ असं कुठे म्हटलं? फिशमध्येही -यू मुद्दाम लिहावं लागतं. ज्याला नको त्याने लिहू नये.

रात्रपाळी
आज एडिटरचं नाव टाकाल, उद्या घाईत एपीआय टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) टाकाल. ते साध्या मजकुरात डिस्कवर पडून राहतं, आणि सहा महिन्यांनी ते तिथे आहे हे आठवतसुद्धा नाही.

मधला_मार्ग
दोघेही व्हेरिएबल युजरला बांधताय की टर्मिनलला, यावर भांडताय. ते प्रोजेक्टला बांधा. डायरेन्व्ह लावा (फोल्डरनुसार व्हेरिएबल बसवणारं टूल): प्रोजेक्टच्या फोल्डरात एन्व्हआरसी फाइल ठेवायची, ती बदलली की एकदा ‘डायरेन्व्ह अलाऊ’ म्हणायचं. त्या फोल्डरात उभ्या असलेल्या बाकीच्या टर्मिनलांत पुढच्या प्रॉम्प्टला नवी व्हॅल्यू येते, फोल्डरातून बाहेर पडलात की निघून जाते. बॅश, झेडशेल, फिश तिन्हींत चालतं. चार_खिडक्यांचं डेटाबेसचं दुखणं यात मिटतं.

चार_खिडक्या
डेटाबेसचं मिटलं, मान्य. एसएसएच एजंटचं (दूरच्या सर्व्हरवर लॉगिनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) काय? सर्व्हरवर टीमक्स (लॉगआउट झालो तरी शेल चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू ठेवून घरी गेलो, सकाळी परत लॉगिन करून त्यालाच अटॅच झालो. एजंटच्या सॉकेटचा (त्याच्याशी बोलायच्या फाइलीचा) पत्ता नवा, जुन्या पेनमधल्या (टीमक्सच्या खिडकीतल्या कप्प्यातल्या) शेलकडे कालचा. गिट पुल केलं की ‘परमिशन डिनाइड’. टीमक्स अटॅच होताना स्वतःकडची नोंद सुधारतो, पण ती नव्या पेनच्या कामाची. इथे तुमची फोल्डरवाली फाइल काय करणार?

जुनी_खोड
व्हॅल्यू बदलूच नका. होममध्ये एका ठरलेल्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) करा, टीमक्समध्ये व्हेरिएबल कायम तिच्याकडे दाखवा, आणि लॉगिन होताच ती लिंक नव्या सॉकेटकडे वळवा. जुन्या पेनना काही कळवायची गरजच नाही.

चार_खिडक्या
म्हणजे सगळ्या सेशननी मिळून वाचायची एक सामायिक जागा. वर मला ज्यावरून झोडपलंत तेच की हे! शिवाय ऑफिसातून आणि घरून एकाच वेळी लॉगिन असेल तर लिंक शेवटच्याची. तो लॉगआउट झाला की पहिला लटकला.