'रेन चेक'चा पावसाशी संबंध नाही हे मला आधी कोणी का नाही सांगितलं??

कल्याणस्लो
मंडळी, मदत हवीये. मी मराठी मीडियमचा, पण इंग्लिश तसं बरंय, मेलबिल नीट लिहितो. ऐरोलीला नवीन जॉब लागलाय, रोज रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल, आणि तिथे रोज माझा पोपट होतो. परवा क्लायंटच्या मॅडमना विचारलं की कॉल संपल्यावर दहा मिनिटं थांबता का, डेमो दाखवतो, तर त्या म्हणाल्या 'कॅन आय टेक अ रेन चेक?' आता बाहेर धो धो चालू, सायनला रुळावर पाणी, मला वाटलं बाई काळजीने चौकशी करतेय, मी आपलं सांगत बसलो की हो मॅडम सकाळपासून पाऊस आहे पण मी दुपारीच निघालो म्हणून पोचलो वगैरे वगैरे. पलीकडे शांतता. मग टीम लीडने सावरलं. हे असलं सगळं शिकायचं कुठून? यादी पाठ करू का?

नेरुळची_निशाचर
हसून हसून मेले, सॉरी 😂 दादा, यादी अजिबात नको. मी पण दादरच्या फुटपाथवरून असलं एक पुस्तक आणलेलं, त्यात पहिलंच कुत्र्यामांजरांचा पाऊस. पाच वर्षं नाइट शिफ्ट केली, एका क्लायंटच्या तोंडून ऐकलं असेल तर शपथ.
त्यांचं निम्मं बोलणं बेसबॉलमधून आलंय हे एकदा डोक्यात बसलं की बरंच सुटतं. पावसाने मॅच रद्द झाली की तिकिटाच्या तुकड्यावर पुढच्या एखाद्या मॅचला सोडायचे, तो रेन चेक. म्हणजे 'आत्ता नको, पुढे कधीतरी'. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, म्हणून बॉलपार्क फिगर मागितली की अंदाजे आकडा सांगायचा, पैशापर्यंत हिशोब करत बसायचं नाही (मी बसलेय). 'टच बेस' म्हणजे जरा बोलून घेऊ. आपण नाही का क्रिकेट न बघणाऱ्याला पण 'गुगली टाकली' म्हणतो, तसंच.
मी काय करायचे, वहीत नुसता अर्थ नाही लिहायचे, कोण कोणाला कधी म्हणालं ते लिहायचे. 'पोपट झाला' चा अर्थ कोणा गोऱ्याला सांगून बघा, शब्दाने कळणारच नाही, पण दोनदा कोणाचा होताना बघितला की लगेच कळेल. आणि स्वतः वापरायची घाई नको, तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं की मगच. नाही कळलं तर सरळ विचारा, कोणी खात नाही.

ठाकुर्लीचा_थोरला
+१. फक्त वहीत देश पण लिहा. आमची टीम लंडनची. अमेरिकन माणूस 'पिस्ड' म्हणाला तर तो भडकलाय, लंडनवाला म्हणाला तर टाइट झालाय. त्याहून डेंजर म्हणजे 'टेबल'. ब्रिटिश म्हणतात हा मुद्दा टेबल करू, म्हणजे आत्ता चर्चेला घेऊ. अमेरिकन तेच म्हणाले तर बाजूला ठेवू, नंतर बघू. एकदम उलटं! दोन्हीकडची माणसं एका कॉलवर असली की काय गोंधळ होतो तो मी बघितलाय, अर्धा तास गेला. आणि ब्रिटिश साहेब 'क्वाइट गुड' म्हणाला तर लगेच पार्टी देऊ नका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'ठीकाय' इतकाच असतो.

गिरगावकर_आजोबा
लंडनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तिकडे डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. ही आपली नाशिकजवळची देवळाली हो! तिथे गोऱ्या सोजिरांचा कॅम्प होता. नोकरीची मुदत संपलेले सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून असायचे, कधी कधी महिनोन्‌महिने. ऊन, हिवताप आणि हाताला काम नाही, मग होणार काय. पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. नाशिकला जाताना देवळाली स्टेशन लागलं की मला अजून हसू येतं. तेव्हा कल्याणस्लो, तुम्ही घाबरता कशाला, त्यांच्या शिव्यांतसुद्धा आपलं गाव आहे.

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी
आजोबा रॉक्स 🙏 माझी भाची दर वाक्याला 'नो कॅप' म्हणते. कॅप म्हणजे थाप, नो कॅप म्हणजे खोटं नाय बोलत. पण हे ऑफिसात वापरू नका राव, चाळिशीच्या माणसाने केलं की लोक कीव करतात. समजण्यापुरतं ठेवा.

कल्याणस्लो
सगळ्यांना थँक्यू, वही आजच घेतली. निशाचर ताई एक शंका, मॅडमनी रेन चेक घेतला ना, मग आता डेमोचं परत त्या विचारणार की मी विचारायचं?

नेरुळची_निशाचर
खरं तर ज्याने घेतला त्याने विचारायचं. पण कितीतरी वेळा तो गोड शब्दात नकारच असतो, वाट बघू नका. आठवड्याने साधा मेल टाका, तारीख-वेळ देऊन.

कल्याणस्लो
अच्छा, म्हणजे आपलं 'या एकदा घरी'.

नेरुळची_निशाचर
करेक्ट 😄