मालवणला पहिल्यांदा स्कूबा करतोय, गोप्रोच्या सेटिंग काय ठेवू?

सीताबर्डी_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आम्ही चार पोट्टे मालवणला जाऊन राहिलो, नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळला उतरायचं आन् पुढे रिक्षा नाहीतर एसटी, जे भेटंल ते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्कूबा करायचा प्लॅन आहे. कोर्स-बिर्स काही नाही, इन्स्ट्रक्टर धरून खाली नेते ना, तेच. भावाचा गोप्रो हिरो ११ सोबत आहे, त्याचं डाईव्ह हाउसिंगपण (खोल पाण्यात कॅमेऱ्यावर घालायची बंद डबी) त्यानं देऊन ठेवलं.
आता यूट्यूब पाहून पाहून डोकं फिरलं आहे, एक जण म्हणते लाल फिल्टर लावल्याशिवाय पाण्यात उतरूच नका, दुसरा म्हणते फ्लॅट कलरमध्ये (फिक्या रंगात, रंग नंतर भरायचे) शूट करा, तिसरा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यानं न सुधारता, ठेवा म्हणते, आणि मले एडिटिंग म्हणजे मोबाईलवर कापाकापी एवढीच येते. एका दोस्तानं तिथंच काढलेला व्हिडिओ पाहिला तं सगळं पातळ भाजीसारखं हिरवं, मासा कोणता आन् दगड कोणता समजतच नव्हतं. तसं नको व्हायला. फिल्टर घेऊ का? रिझोल्यूशन, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) काय ठेवू? सरळ सरळ सांगा राजेहो.

खोलपाणी
भाऊ, तू जे व्हिडिओ पाहून राहिला ते बहुतेक अंदमान, मालदीव नाहीतर लाल समुद्रातले असतील. तिथं पाणी निळं आणि वीस-वीस मीटर लांबचं दिसते. मालवणला किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट, गाळ भरपूर, चांगल्या दिवशीही थोड्या मीटरच्या पुढे सगळं धूसर. त्यामुळे त्या लोकांच्या सेटिंग उचलून इथं लावल्या तं जमत नाही.

पाणी सगळ्यात आधी लाल रंग खाते. ५ मीटरच्या आसपास लाल बराचसा गेलेला असते, मग नारिंगी, मग पिवळा. आणि ही नुसती खोलीची गोष्ट नाही बरं का, उजेड वरून माशापर्यंत येते आणि माशापासून तुझ्या लेन्सपर्यंत येते, तेही अंतर धरायचं. म्हणजे ४ मीटर खोल असलेला मासा तू ३ मीटर लांबून काढला तं ७ मीटर पाण्यातून गाळलेला उजेड तुझ्या कॅमेऱ्यात आला. वरून मधला गाळ वेगळाच. म्हणून मीटरभराच्या आत जाऊन काढ, लांबचा मासा असंल तं नुसता पाहून घे, शूट करायच्या नादी लागू नको. तुझ्या दोस्ताचा व्हिडिओ हिरवा आला तो मला वाटते ह्याच्यामुळेच, सेटिंगमुळे कमी.

आता सेटिंग. ४के आणि ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), नंतर स्लो करता येते आणि पाण्यातली हालचाल बरी दिसते. लेन्स वाइड ठेव, लिनियर (कडांचा वाकडेपणा सरळ करणारा मोड) नको. हाउसिंगच्या सपाट काचेतून पाण्यात सगळं मोठं आणि जवळ दिसते म्हणजे कोन आपोआपच लहान होते, त्यात लिनियर केलं की अजून अरुंद, आणि आपल्याला तं जवळ जायचं आहे. हायपरस्मूथ (हादरे कमी करणारी सेटिंग) चालू ठेव पण बूस्ट नको, तो फ्रेम कापते. शटर ऑटो. आयएसओ कमीत कमी १००, जास्तीत जास्त ८००, त्याच्यावर गेला की दाणे दिसायला लागतात. ईव्ही (चित्र उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.५, नाहीतर वर पाहिलं की सूर्याकडची बाजू पांढरी फटक जळते. शार्पनेस लो ठेव, हे लोक सांगत नाहीत, हाय ठेवला की गाळाचा एक एक कण टोकदार होऊन डोळ्यात घुसते. कलर नॅचरल, फ्लॅट तुझ्या कामाचा नाही. व्हाइट बॅलन्स ऑटो न ठेवता ५५०० के (केल्विन) वर बांधून टाक.

फिल्टर घेऊ नको. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असते, तेही जरा खोल गेल्यावर. हिरव्या पाण्याला मॅजेंटा लागते. आणि कोणताही फिल्टर लावला तरी तो उजेड खाते, तिथं आधीच उजेड कमी, मग आयएसओ चढते आणि रंगाऐवजी दाणे भेटतात.

धरमपेठ_डीप
बाकी सगळं बरोबर पण व्हाइट बॅलन्सचं मला पटलं नाही. ५५०० वर बांधलं म्हणजे फुटेज कच्चं येणार, हिरवं-निळं, मग कॉम्प्युटरवर बसून रंग ओढायचे. हा माणूस स्वतःच म्हणून राहिला की मोबाईलवर कापाकापी करतो. त्याला ऑटो सांगा ना सरळ. कमी खोलीवर ऑटो बऱ्यापैकी सावरून घेतो, घरी येऊन लगेच व्हॉट्सअपवर टाकता येते. ज्याला डाविंची रिझॉल्व्ह (कॉम्प्युटरवरचं एडिटिंग सॉफ्टवेअर) येतं त्यानं बांधावं, ते फुकट मिळते म्हणून सगळ्यांना येतेच असं नाही. आणि लाल रंग नंतर एडिटिंगमध्ये ओढून वाढवू असं कोणी म्हणंल, पण जिथं लाल रेकॉर्डच झाला नाही तिथं वाढवून नुसता नॉइजच वर येणार.

खोलपाणी
@धरमपेठ_डीप तुमचं म्हणणं चुकीचं नाही, पण ऑटोची एक खोड आहे. एकाच शॉटमध्ये तू दगडाकडून वाळूकडे वळला, नाहीतर इन्स्ट्रक्टरचा पिवळा फिन समोरून गेला, की रंग मधातच बदलते, आणि हे नंतर मोबाईलवर तं काय, कशावरच नीट होत नाही. बांधलेला असला तं रंग वाईट असंल पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा वाईट, फोनमधली टेंपरेचर आणि टिंटची पट्टी सरकवली की पूर्ण क्लिप एकदम सुधारते, टिंट मॅजेंटाकडे न्यायची बस. तरी मी म्हणतो, शॉट छोटे घेणार असशील, दहा-पंधरा सेकंदाचे, तं ठेव ऑटो. लांब लांब घेणार असशील तं बांध.

निळी_छत्री
तुम्ही दोघं रंगावर भांडा, मी वेगळंच सांगते. दादा, पहिल्या डाईव्हला कॅमेरा हातात देतील का हे आधी फोन करून विचारा. तिथं बरेच जण तुमचा व्हिडिओ स्वतःच काढून देतात आणि पॅकेजमध्येच असतो. खाली जाताना कान दुखू नयेत म्हणून दर थोड्या अंतरावर नाक दाबून हलकेच नाकातून फुंकावं लागतं, एक हात त्यातच जातो, दुसऱ्यानं इन्स्ट्रक्टरला खुणा करायच्या, मग कॅमेरा कुठं? मनगटाला पट्टा बांधून लोंबू द्या, तळाशी पोचून श्वास नीट लागला की मगच चालू करा. तो नारिंगी तरंगणारा हँडल स्कूबाला नेऊ नका, तो सारखा वर ओढतो, स्नॉर्कलिंगला ठीक आहे. सेल्फी स्टिक लांब करून दगडांत खुपसू नका, प्रवाळ मोडतात.

आणि काच आतून धुकावते ना, त्याचं कारण असं की हाउसिंगमध्ये कोकणातली दमट हवा कोंडली जाते, कॅमेरा गरम होतो आणि बाहेरून पाणी काच थंड करतं. म्हणून खोलीत एसी लावून तिथंच कॅमेरा भरा आणि बोटीवर उघडू नका. आत अँटीफॉगच्या पट्ट्या टाका, पण त्या ओ-रिंगमध्ये (झाकणाच्या रबरी कडीत) अडकता कामा नये.

सीताबर्डी_एक्सप्रेस
वा, हे तं भारीच झालं. ऑटो ठेवतो मग, शॉट छोटे घेईन. अजून दोन डाउट. हिरो ११ म्हणे नुसताच १० मीटरपर्यंत चालते, मग हाउसिंग काऊन लावायचं? आणि पाण्यात स्क्रीनवर बोट लावून सेटिंग बदलता येतात का? इथं नागपुरात टेस्ट करायची असंल तं अंबाझरी तलावात टाकून पाहू का 😄

निळी_छत्री
अंबाझरीत काही दिसणार नाही हो, आणि पडला तर काढायला कोण जाणार! हाउसिंग रिकामं घ्या, आत टिश्यू पेपर ठेवा, आणि कूलरच्या टाकीत दगड ठेवून रात्रभर बुडवून ठेवा. जानेवारीत कूलर असाही माळ्यावर नाहीतर गच्चीवर पडलेला असतो. सकाळी टिश्यू कोरडा म्हणजे मोठी गळती नाही. खोलीवर दाब वाढला की झाकण उलट अजून घट्ट बसतं, घोळ बहुतेक ओ-रिंगवर केस नाहीतर वाळूचा कण राहिला की होतो.

खोलपाणी
१० मीटर हे कॅमेऱ्याचं दार नीट बंद आणि रबर चांगलं असंल तं. भावाचा वापरलेला कॅमेरा आहे, रबर किती जुनं कोणाला माहीत. हाउसिंग ६० मीटरचं असते, लावून टाक, त्यात पाणी शिरलं तरी कॅमेऱ्याचं स्वतःचं दार अजून मध्ये आहे.
टचस्क्रीन पाण्यात चालत नाही, हाउसिंगमध्ये तं नाहीच, बटणंच दाबायची. म्हणून सगळं लॉजवरच सेट कर आणि क्विककॅप्चर चालू ठेव, म्हणजे शटर दाबलं की ऑन होऊन रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद. वायफाय, व्हॉइस कंट्रोल आणि समोरचा स्क्रीन बंद, बॅटरी वाचते. कार्ड व्ही३० (वेगाचा दर्जा) लिहिलेलं घे, नाहीतर ४के ६० ला मधातच रेकॉर्डिंग बंद पडू शकते. वर आल्यावर हाउसिंग न उघडता गोड्या पाण्याच्या बादलीत टाक आणि सगळी बटणं दाबून दाबून मीठ काढ, लॉजवर बादली मागितली की देतात.