अनुभव सांगा : मुंबई पालिकेच्या पर्यावरण खात्याशी तुमची गाठ कधी पडली?

आमच्या मुलुंडचं डंपिंग ग्राउंड 1 ऑक्टोबर 2018 ला बंद झालं. त्याआधी वारा फिरला की संध्याकाळी खिडक्या लावायच्या, हा घरचा नियम होता. आई अजून सहाला खिडक्या लावते. परवा विचारलं, आता वास कुठाय? म्हणाली, "आता डासांसाठी." त्यावरून हा धागा सुचला. झाडं, कचरा, नाले, धूर, समुद्र, काहीही चालेल. कौतुक करा, कुरकुर करा, पण स्वतः पाहिलेलं लिहा. पेपरातली कात्रणं नकोत आणि कुणा साहेबांची नावंही नकोत.

पार्लेकर

आमच्या गल्लीतल्या पाच झाडांवर एके सोमवारी नोटिसा लागल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद, सुतळीने बुंध्याला बांधलेला. आत पाणी शिरून निम्मी अक्षरं पसरली होती, पण हरकती सात दिवसांत द्यायच्या एवढं लागत होतं. झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. मला तो त्या सुतळीमुळे कळला.

शेजारचे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी रात्रीत चार पानी हरकत लिहिली, सावली, पाखरं, बालपण, सगळं घालून. उद्यान खात्यातल्या बाईंनी ती पूर्ण वाचली (हे विशेष) आणि म्हणाल्या, "आजोबा, फार छान आहे, पण मला झाडाचा नंबर, जात, घेर आणि कारण द्या." मग आम्ही टेप घेऊन निघालो. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, पिंपळाला पुरेना. शेवटी आजींनी साडी दिली. छातीच्या उंचीवर साडी गुंडाळायची, खूण करायची आणि मग जमिनीवर पसरून मोजायची. येणारेजाणारे विचारत होते, वटपौर्णिमा कधी आहे?

2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात. पिंपळाचं वय कसं दाखवायचं? आजींच्या लग्नाचा 1961 चा फोटो निघाला, मांडवामागे हाच पिंपळ, मनगटाएवढा. बाई हसल्या, पण फोटोची झेरॉक्स फायलीत लावली.

पिंपळ आणि दोन आंबे राहिले. एक भेंडी गेली. एका बहाव्याचं पुनर्रोपण झालं, तो दुसऱ्या उन्हाळ्यात वाळला. आजोबा अजून तिकडे फिरायला जातात आणि परत आल्यावर काही बोलत नाहीत.

निवृत्त उद्यानवाला

वरचं वाचून बरं वाटलं. मी याच खात्यात 31 वर्षं काढली. 2018 च्या गणनेत मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं निघाली. लोकांना वाटतं सगळी आमच्या गळ्यात. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची छाटणी सोसायटीने परवानगी घेऊन करायची असते. अर्ज मात्र झाड गाडीवर पडल्यावर यायचा, तोही पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर फोन करून.

पावसाळ्याआधीची छाटणी म्हणजे तारेवरची कसरत. शिडी लावली की चाळीतल्या एक मावशी धावत खाली यायच्या, "अरे, कावळ्याचं घरटं आहे!" आणि दुसऱ्या मजल्यावरून काका ओरडायचे, "माझ्या खिडकीत उजेड येत नाही, कापा!" दोघंही बरोबर. घरटं असलेली फांदी आम्ही ठेवायचो, काकांच्या शिव्या खायचो.

बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायचं काम मला सगळ्यात आवडायचं. एकदा एका पर्जन्यवृक्षाभोवती गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले. पहारीने काढले तर खाली मुळं दोरखंडासारखी गोल गोल फिरलेली, बाहेर जायला वाट नाही. माती पांढरी पडलेली, पीठ जणू. चार फूट चौरस मोकळं केलं, पाणी सोडलं, तर तासभर बुडबुडे येत होते. ते ब्लॉक कुणी बसवले होते? रहिवाशांनीच. चिखल होतो म्हणून.

गोवंडीतून

मुलुंडचा वास थांबला याचा आनंद आहे. पण कचरा काही हवेत विरला नाही, तो कांजूर आणि देवनारकडे आला. देवनारचं डंपिंग 1927 पासूनचं, म्हणजे माझ्या आजोबांहून मोठं. जानेवारी 2016 ची आग आठवते. ओला रुमाल तोंडाला बांधून झोपायचो, सकाळी रुमाल करडा. मुलांना शाळेला सुट्टी मिळाली म्हणून ती खूश, आणि खेळायला बाहेर सोडायचं नाही म्हणून रडवेली. एवढंच.

पाववाला

आमची बेकरी कुर्ल्यात, माझ्या दादाजींची. 9 जानेवारी 2025 ला हायकोर्टाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांची मुदत दिली, मागोमाग पालिकेची नोटीस आली. खोटं कशाला बोलू, आम्ही जाळायचो ते जंगलातलं लाकूड नव्हतंच. भंगारातल्या खिडक्या, पॅकिंगच्या पेट्या, कधी रंग लावलेली प्लायसुद्धा. तो धूर आधी अब्बांच्या छातीत गेला, मग गल्लीच्या.

पण भट्टीचं गणितही ऐका. वीटकामाची भट्टी रात्री लाकडाने तापवायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा आणि मग विटांच्या उरलेल्या उष्णतेवर पावाची लादी भाजायची. गॅसला ते तंत्र पुन्हा शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात वरून लाल, आतून कच्चा. रोजच्या वडापाववाल्याने पाव दाबून पाहिला आणि म्हणाला, "भाई, आज तब्येत बरी नाही वाटतं याची." आता जमलंय. चव तीच आहे का? अब्बा म्हणतात नाही. खोकला मात्र कमी आहे, ते ते सांगत नाहीत.

वेसावकरीण

आमची डोल, म्हणजे खाडीतलं जाळं, ओहोटीला वर घेतली की आधी पिशव्या निवडायच्या, मग बोंबील. पहिल्या पावसानंतर नाल्यांमधलं सगळं खाडीवाटे येतं, चपला, थर्माकोल, एकदा तर अख्खी गादी. आता काही नाल्यांवर तरंगते अडथळे लावलेत आणि किनाऱ्यावर पालिकेची यंत्रं फिरतात. फरक आहे, पण मोठ्या भरतीला विचारू नका.

दुसरी गोष्ट. खाजणातल्या तिवरांवर, म्हणजे कांदळवनावर, कुणी रात्री भराव टाकत होतं, म्हणून आम्ही बायका एका कचेरीत गेलो. तिथे कळलं, तिवरं इथे येत नाहीत, राज्याच्या वनखात्याचा 2012 पासून वेगळा कांदळवन कक्ष आहे, तिकडे जा. भराव कचऱ्याचा होता म्हणून तो मात्र इकडे. म्हणजे एकाच डंपरसाठी दोन अर्ज. माझा मुलगा म्हणाला, "आये, खेकड्याला कोण सांगणार, हद्द कुठे संपते ते?" दोन्ही अर्ज दिले. डंपर थांबले. कुठल्या अर्जाने, ते अजून माहीत नाही.

बोरिवलीची सेक्रेटरी

2017 मध्ये मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे 20 हजार चौरस मीटरच्या वर किंवा दिवसाला 100 किलोच्या वर कचरा असणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवा असं सांगितलं गेलं. आमच्या मीटिंगमध्ये त्या दिवशी जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या महिन्यात खड्ड्यात अळ्या. तळमजल्यावरच्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ओला कचरा जास्त, सुका पाला नाही, ही चूक. आमच्या सफाईवाल्या मामांनी सांगितलं, "ताई, भुसा टाका, आणि गूळ-ताकाचं पाणी शिंपडा." सुतारवाड्यातून भुसा आणला, थरावर थर दिले, आठवड्यातून एकदा खालवर केलं. तिसऱ्या आठवड्यात हात घातला तर गरम. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. त्यातून आपोआप सात पपया उगवल्या. त्या कुणाच्या, यावरून पुन्हा मीटिंग.

सध्या खत जास्त होतंय. पार्लेकर, पिंपळाला हवं असेल तर रविवारी सकाळी या, फुकट आहे. पोतं तुमचं आणा.